डावखुरं यकृत

तो माणूस खाली बघत जिना चढत होता आणि ठिणगी हातातल्या भल्यामोठ्या गाठोड्याआडून काही न दिसता तोच जिना उतरत होती. वळणावर व्हायचं ते झालं. गाठोडं सुटलं आणि माणसाच्या छातीपोटात असतं ते झाडून सगळं सामान पायऱ्यांवर सांडलं. दोन कापडी मूत्रपिंडं कठड्याला अडकली. फुप्फुसं उघड्या खिडकीखाली जाऊन पडली आणि सकाळपासून लागलेल्या पावसाच्या झडीत भिजायला लागली. कापूस ठासून भरलेलं, गडद तपकिरी यकृत मात्र एकेक पायरी उतरत थेट त्याच्या बुटांपाशी जाऊन थांबलं.

त्यानं ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. दुसरा कोणी असता तर आधी माफ करा म्हणाला असता. हा जे म्हणाला ते इतक्या हळू म्हणाला, की ऐकायला तिला एक पायरी खाली उतरावं लागलं.

"मॅडम, तुमचं यकृत डावखुरं आहे."

"काय म्हणालात?"

"याचा मोठा भाग उजवीकडे हवा. तुम्ही डावीकडे शिवलाय. त्यामुळे ही पित्ताची पिशवीसुद्धा..."

"माझं पित्त कुठे असतं ते मला बरोबर ठाऊक आहे," ती म्हणाली. "आत्ता ते खवळलंय."

तो हसला — ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, चोरून हसल्यासारखा. तिनं त्याच्या हातातून यकृत हिसकावून घेतलं, सांडलेलं सगळं गोळा केलं आणि ती तरातरा निघून गेली.

शिक्षकांच्या खोलीत जाऊन तिनं पुस्तक उघडलं. पुस्तकातलं चित्र मागच्या बाजूनं काढलेलं होतं, आणि तिनं ते पुढची बाजू समजून आईकडून शिवून घेतलं होतं. म्हणजे तो बरोबर होता. एखादा माणूस चुकला की ठिणगीला राग यायचा. तो बरोबर निघाला की त्याहून जास्त यायचा. संध्याकाळी घरी आईनं यकृताची शिवण उसवता उसवता विचारलं, चूक काढली कोणी. "होता एक. खाली बघून चालणारा," ती म्हणाली. आईनं पुढे विचारलं, दिसायला कसा आहे. ती म्हणाली, मी आतडी गोळा करत होते, माझं लक्ष नव्हतं. पण त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते हे तिच्या ध्यानात राहिलं होतं, आणि त्याचाही तिला रागच आला.

ठिणगी हे नाव तिच्या विद्यार्थिनींनी ठेवलं होतं. ती नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींना शरीररचना आणि दवाखान्यातली भाषा शिकवायची. मुली लहानसहान गावांमधून आलेल्या, शाळा आपल्या भाषेत झालेली. कॉलेजात पाऊल टाकल्या टाकल्या हातभर लांबीचे शब्द त्यांच्यावर कोसळायचे. पहिल्या सहामाहीत नापास झालं की जागा जायची आणि मुलगी पेटी उचलून घरी. दर वर्षी अशा कितीतरी जणी जाताना ठिणगीनं पाहिल्या होत्या. हुशार मुली, ज्यांना माणसाचा हात धरायला उपजत येत होतं, पण त्या हातातल्या हाडाचं नाव लिहिता येत नव्हतं.

म्हणून तिनं खेळ काढले. एका मुलीच्या अंगात खिशाखिशांचा एप्रन चढवायचा, दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि पट्टीवालीनं चाचपून काळीज काळजाच्या जागी बसवायचं. शब्दांचे तुकडे पुठ्ठ्यांवर लिहायचे आणि जोडायचे. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे सूज, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं. एकदा तुकडे कळले की मुली सुटायच्याच. एकीनं 'गृहपाठेक्टमी' असा शब्द जुळवला, तेव्हा वर्ग हसून हसून लोळला. आणि मग त्याच मुलीनं परीक्षेतले अवघड शब्द धडाधड फोडून दाखवले.

जिन्यावरचा माणूस शेजारच्या रुग्णालयातला नवा सर्जन होता. आठवड्यातून दोनदा तो दुसऱ्या वर्षाला शिकवायला यायचा, नेमका तिच्या शेजारच्या वर्गात. पडद्यावर चित्रं दाखवत तो इतक्या हलक्या आवाजात बोलायचा, की मुलींनी आठवड्याभरात त्याचं नाव मौनी ठेवलं.

एक दिवस ठिणगीच्या वर्गात लहान आतड्याचा खेळ होता. आईनं जुन्या चादरींच्या पट्ट्या जोडून खऱ्या लांबीचं आतडं शिवून दिलं होतं. ते एवढं लांब, की वर्गात मावेना. मुलींनी ते दारातून बाहेर काढलं, व्हरांड्यात पसरलं, अन्न कुठे काय होतं याच्या चिठ्ठ्या त्यावर लावत पळापळ केली; आणि शेवटचं टोक नेमकं मौनीच्या दाराखालून आत सरकलं. आतून दुसऱ्या वर्षाचा जो हशा उठला, तो तळमजल्यापर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. डॉक्टरांची लेखी तक्रार आली होती. शिकवणं अशक्य होतं, गोंगाट आवरावा, असं. प्राचार्या अशा कागदाची वाटच बघत होत्या. याच खेळांनी मुली पास होतात, असं ठिणगीनं सांगून पाहिलं; हे कॉलेज आहे, बालवाडी नव्हे, असं त्या म्हणाल्या. खेळ बंद झाले. कापडी अवयव कोठीत कुलपात गेले. एवढ्यावर भागलं नाही. पहिल्या वर्षाचा विषयच तिच्याकडून काढून त्यांनी डॉक्टरांना दिला, आणि ठिणगीला वेळापत्रकं आणि कोठीचं काम लावलं.

ती तडक मौनीच्या खोलीत गेली. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. तिनं त्याला बसूही दिलं नाही आणि बोलूही दिलं नाही. तुम्हाला वर्गात हसू आलेलं सोसत नाही, ती म्हणाली, आणि त्यापायी माझ्या मुली घरी जाणार. दार वाजवून मला सांगता आलं असतं. दोन वर्गांच्या मधे भिंत आहे, समुद्र नाही. तो कसंबसं म्हणाला, की मी गोंगाटाबद्दल लिहिलं होतं, खेळांबद्दल नाही, आणि तुमचा विषय तर मी मागितलाच नव्हता.

"लिहिलंत ना? मग झालं," ती म्हणाली आणि दार आपटून गेली.

पुढचे काही दिवस तिनं त्याला व्हरांड्यात पाहिलं की वाट बदलली. तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि ती वळलेली असायची. वर्गातून आता आवाज येत नव्हता. मुली दगडासारख्या बसायच्या, पडद्यावरून शब्द उतरवून घ्यायच्या आणि मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून रडवेल्या होऊन ते घोकायच्या. ते घोकणं ऐकलं की ठिणगी वेळापत्रकाची टाचणी गरजेपेक्षा जोरात दाबायची.

मग एका दुपारी त्याच वर्गातून हसण्याचा आवाज आला. तिनं दारातून डोकावलं, आणि तिथेच थबकली. मौनी डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गाच्या मधोमध उभा होता. खिशांचा एप्रनही त्यानंच अंगात चढवलेला; दोघींचा खेळ तो एकटाच खेळत होता. कोठीची किल्ली सांभाळणाऱ्या मावशींकडून त्यानं सामान कसं मिळवलं कोण जाणे. मुली लाजत लाजत त्याला अवयव लावत होत्या, आणि एकीनं मूत्रपिंड पार कमरेच्या खाली लोंबकळत ठेवलं होतं. त्याला पट्टीमुळे दिसत नव्हतं, आणि शिकवायचं कसं हे मुळातच ठाऊक नव्हतं.

ठिणगीला ते बघवेना. ती आत गेली आणि ते मूत्रपिंड काढून तिनं बरगड्यांच्या शेवटाशी, पाठीकडे, असं दाबून लावलं की तो दचकला.

"इथे असतं ते," ती मुलींना म्हणाली. "बरगड्या त्याला सांभाळतात. खाली लोंबत नाही."

"तुमचा हात ओळखू आला," तो पट्टीआडून हळूच म्हणाला. "रागात आहे."

मुलींनी तोंडावर हात धरले. ती बाहेर पडली, पण कान तापले होते, आणि ते रागानं तापले नव्हते हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला हे खेळ येत नाहीत, तो म्हणाला, शिकवा. ती म्हणाली, ज्यानं बंद पाडले त्यानंच शिकावं म्हणजे कमाल आहे. तो म्हणाला, हो, कमाल आहे, पण मुली नापास होतील. या एका वाक्यापुढे तिचं काही चाललं नाही. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती त्याला शिकवायला लागली. पुठ्ठे पसरून दोघं समोरासमोर बसायची. शस्त्रक्रियेत ज्याचा हात कधी अडत नव्हता, तो माणूस शब्द जोडताना तिच्याकडे बघत बसायचा आणि हरायचा.

"तुम्ही मुद्दाम हरता," एक दिवस ती म्हणाली.

"हरलो की तुम्ही पुन्हा सांगता."

"आणि मुलींनी तुमच्या आजाराला काय नाव दिलंय ठाऊक आहे? मौनायटिस."

"मौनाला सूज," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मोकळा हसला. मग पुठ्ठे सारखे करत... "तुम्ही माझ्यावर अजून रागावलेल्या आहात?"

"हो."

"किती दिवस?"

"ते मी सांगेन तेव्हा."

त्यानं विचारलं, की तुम्हाला या शब्दांचा एवढा राग का. कोणी विचारलं नव्हतं म्हणून असेल, तिनं सांगितलं. ती शाळेत असताना तिच्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मोठे डॉक्टर आले, 'पेरिकार्डायटिस' म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. आईला वाटलं, संपलं. तिनं अन्न सोडलं. दादानं शाळा सोडून कामाला लागायचं ठरवलं. घरात कोणी कोणाशी बोलेना. बाबा तर भिंतीकडे तोंड करून पडायचे. कितीतरी दिवसांनी एका नर्सनं सहज सांगितलं, की अहो, काळजाभोवती पिशवी असते, तिला सूज आलीय, औषधं चालू आहेत, उतरेल. आणि उतरली. बाबा आजही सकाळी फिरायला जातात. पण ते दिवस...

"एका वाक्याचं काम होतं," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. "एका वाक्याचं. ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, आणि आम्ही घरात जिवंत माणसाचं सुतक पाळत बसलो होतो."

मौनीनं हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग उठला. "आज सकाळी मीही एका आजींना असाच एक शब्द सांगून पुढे गेलो," तो म्हणाला. "जाऊन येतो."

तो भरल्या कपासकट सगळं टाकून गेला. चहा निवत होता. ठिणगीनं कपावर बशी झाकून ठेवली, आणि मग आपल्याच हाताकडे रागानं बघत बसली. त्याच्या चहाची काळजी करायला कोणी सांगितलं होतं?

इथवर ठीक होतं. किंबहुना फारच बरं चाललं होतं. ती सकाळी आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त रेंगाळायला लागली होती, आणि वहिनी तिला चिडवायला साड्यांच्या कपाटाची किल्ली वाजवून जायची. मुली पुन्हा शब्द फोडायला लागल्या होत्या. प्राचार्यांना कळलं होतं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. जे ठिणगीनं केलं तर बालवाडी होतं, ते डॉक्टरांनी केलं म्हणून चालून गेलं.

एक दिवस त्या दुसऱ्या कॉलेजातल्या दोन पाहुण्यांना घेऊन वर्गाच्या दारात आल्या. ठिणगी आत फळ्याशेजारी वेळापत्रक लावत होती. मौनी एप्रन घालून उभा होता, मुली जोरात होत्या. पाहुण्यांपैकी एक बाई कौतुकानं बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, ही कल्पना कोणाची.

"आमच्या डॉक्टरांची," प्राचार्या म्हणाल्या. "अगदी नवी पद्धत आहे त्यांची."

मौनीनं तोंड उघडलं. ठिणगीनं ते पाहिलं. सगळा वर्ग आधी त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे बघत होता. त्यानं एकदा प्राचार्यांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं... आणि तोंड मिटलं. पाहुणे पुढे गेले.

तिनं हातातली शेवटची टाचणी वेळापत्रकात दाबली, टाचण्यांची डबी बंद केली आणि ती बाहेर पडली. छत्री विसरली. भर पावसात चालत घरी गेली आणि आईनं टॉवेल पुढे केला तर तोही ढकलला. आईच्या शिवणयंत्रापाशी चादरीच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे पडले होते. ते बघून तिला जे रडू आलं ते दुःखाचं नव्हतं. इतका राग साठला होता, की त्याला दुसरी वाट मिळाली नाही. रडता रडता तिनं सगळं सांगितलं. आईनं घडी घातलेला तो टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, की जो गप्प बसला त्याच्यावर रागाव, पण आजारी पडू नकोस.

सकाळी मौनी कोठीच्या दारात उभा होता. रात्रभर झोपला नसावा. माझं चुकलं, तो म्हणाला, त्या क्षणी शब्दच फुटला नाही.

"तुमची माफी मला नको," ती म्हणाली. "इथे या कोठीत, कापडी आतड्यांसमोर बोलून काय उपयोग? इथे कोण ऐकतंय? जिथे बोलायचं होतं तिथे तुम्ही गप्प बसलात. माझ्या बाबांच्या खाटेपाशीही असंच झालं होतं, डॉक्टर. ज्याला माहीत होतं तो बोलला नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. ती मागे वळून अवयव लावत राहिली. पावलं दूर गेली तेव्हा तिनं हातातलं जठर फळीवर इतक्या जोरात ठेवलं, की त्यातला कापूस बाहेर आला.

त्याच आठवड्यात सगळ्या शिक्षकांची बैठक झाली. परीक्षा तोंडावर आली होती. प्राचार्यांनी डॉक्टरांच्या पद्धतीचं कौतुक सुरू केलं, आणि मौनी काहीतरी म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. प्राचार्या म्हणाल्या, जरा मोठ्यानं. तो उठून उभा राहिला. टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

"ही पद्धत माझी नाही," तो म्हणाला, आणि या वेळी ते खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. "मी तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. मग मी ती यांच्याकडूनच शिकलो, आणि पाहुण्यांसमोर गप्प बसलो. पाहुण्यांना मी काल तसं कळवलं आहे. आणि हा वर्ग यांचा आहे, तो यांना परत द्या. मी तो उद्यापासून घेणार नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, की ठीक आहे, आपण दोघांची पद्धत म्हणू या, शेवटी नाव कॉलेजचंच होतं.

ठिणगी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठली. "दोघांची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. आणि माझ्या आईची, कारण शिवण तिची आहे. या खेळांबद्दल मी आधी सांगितलं तेव्हा मला वेळापत्रकं लावायला पाठवलं होतं. आता डॉक्टरांनी सांगितलं तर एका मिनिटात ऐकू आलं. तेव्हा ऐकू का आलं नाही, तेवढं मला सांगा."

प्राचार्या समोरच्या फायलीची दोरी बांधायला लागल्या. पण टेबलाच्या मधल्या बाजूला बसलेल्या एका वयस्क शिक्षिका हळूच म्हणाल्या, की वर्ग तिला द्यायला हवा, परीक्षा जवळ आलीय. मग आणखी दोघी तेच म्हणाल्या. प्राचार्यांचं तोंड कडू झालं, पण वर्ग परत मिळाला.

पुढचे दिवस ठिणगीनं मान वर केली नाही. आतडं पुन्हा व्हरांड्यात पसरलं. मौनीला ती कामापुरतं बोलायची. तो शेजारच्या वर्गातून जाता येता दारात थांबायचा, आत यायचा नाही. एकदा एक फाटलेलं जठर शिवून कोठीच्या फळीवर ठेवलेलं तिला दिसलं. टाके इतके बारीक आणि सारखे होते, की ते कोणी घातले हे विचारायची गरज नव्हती. तिनं ते आईला दाखवलं. आई टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, हात चांगला आहे. ठिणगी म्हणाली, हाताचा प्रश्न नाहीच आहे.

निकाल लागला. जवळजवळ सगळा वर्ग पास झाला. दोघींना एकेक पेपर पुन्हा द्यायचा होता, आणि त्या दोघींसाठी ती दिवसभर धुसफुसत राहिली. संध्याकाळी ती बसच्या थांब्यावर उभी असताना मौनी येऊन शेजारी उभा राहिला. भुरभुर पाऊस होता. रांगेत बरीच माणसं होती. त्यानं अभिनंदन केलं. तिनं दोघी राहिल्या म्हणून सांगितलं. तो म्हणाला, त्याही होतील. एक बस आली आणि गेली. ती चढली नाही.

"तुमचा राग अजून गेला नाही," तो म्हणाला.

"नाही." ती समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघत बोलत होती. "मला तुमचा रोज राग येतो. सकाळी तुम्ही दारात थांबता आणि आत येत नाही, तेव्हा येतो. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच येतो, कारण त्या दिवशी तुम्ही दिसतच नाही."

हे आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. तिनं ओठ घट्ट मिटले. शेजारी एकदम शांतता झाली. तिला वाटलं, हा आता पुन्हा तोंड मिटणार. एवढं सगळं होऊन, इथे, आत्ता, पुन्हा. आणि तिच्या डोक्यात अशी सणक गेली, की ती वळली.

"आणि आता बोलला नाहीत," ती म्हणाली, "तर पुन्हा कधीच बोलू नका."

"माझं तुमच्यावर प्रेम आहे," मौनी म्हणाला.

तो हळू बोलला नाही. रस्त्यावरच्या गाड्या आणि पाऊस यांच्यावरून जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला. रांगेतलं शेवटचं डोकंसुद्धा वळलं. पुढे उभ्या असलेल्या एका आजोबांनी छत्री मागे घेऊन दोघांना नीट बघून घेतलं.

"एवढ्या मोठ्यानं कोणी सांगितलं होतं?" ती दातओठ खात कुजबुजली.

"ऐकू गेलं ना?"

"सगळ्यांना गेलं."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोरच बोलायचं होतं. आता तुम्ही सांगा... नाही म्हणालात तरी चालेल. पण मी बोललो."

दुसरी बस आली, ती त्याच्या घराच्या उलट दिशेला जाणारी होती. रांग सरकली. ठिणगी चढली, खिडकीशी बसली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली. आजोबा चढले, बायकामाणसं चढली, वाहकानं घंटीला हात घातला. मौनी खाली पावसात तसाच उभा होता, तिच्या तोंडाकडे बघत.

तिनं खिडकीची काच खाली ओढली. डोळे चमकत होते आणि भुवया अजून वरच होत्या.

"आई विचारतेय, ते टाके कोणाचे," ती म्हणाली. "आता चढताय, की तेही मीच सांगू?"

तो धावला. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.